वृद्धांना द्यायचे काय, एवढाच प्रश्न आहे का?

१९६२ साली एरिक एरिक्सन हे मनोविश्लेषक मानवी जीवनचक्रावरील एका चर्चासत्रासाठी अहमदाबादला आले. त्यांचे यजमान होते गिरणीमालक अंबालाल साराभाई. १९१८ च्या गिरणी संपात गांधीजी याच अंबालालांच्या विरोधात उभे राहिले होते आणि अंबालालांच्या भगिनी अनसूयाबेन मजुरांच्या बाजूने होत्या. त्या संपाचे साक्षीदार आता वृद्ध झाले होते. एरिक्सन यांनी त्यांना बोलते केले आणि त्यातून १९६९ मध्ये ‘गांधीज ट्रूथ’ हा ग्रंथ सिद्ध झाला. तो गांधीजींवरील ग्रंथ म्हणून गाजला. माझ्या मनात मात्र आपल्या आयुष्याचा अर्थ पुन्हा एकदा लावू पाहणारी ती वृद्ध माणसेच रेंगाळत राहिली. मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा या विषयात माझा हितसंबंध गुंतलेला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

माणसाची मानसिक वाढ तारुण्यात थांबत नाही, हे एरिक्सन यांचे मूळ प्रतिपादन. मध्यमवयात माणूस पुढच्या पिढीसाठी झटतो किंवा साचून जातो. उतारवयात जगलेल्या आयुष्याचा स्वीकार करतो किंवा निराशेकडे झुकतो. पुढे १९८६ मध्ये पत्नी जोन आणि हेलन किव्हनिक यांच्यासह लिहिलेल्या वार्धक्यावरील पुस्तकात त्यांनी हा विचार आणखी ताणला. आपली कुणाला तरी गरज असणे ही वृद्धाची चैन नसून त्याच्या मानसिक आरोग्याची अट आहे, असा त्याचा मला उमगलेला अर्थ.

एरिक्सन यांच्या प्रभावातून घडलेले सुधीर कक्कर यांनी या टप्प्यांची तुलना आपल्या आश्रमव्यवस्थेशी केली. तुलना मनोज्ञ आहे, पण ती धोरणकर्त्यांच्या हाती पडू नये असे मला वाटते. वानप्रस्थ ज्याच्यासाठी सांगितला, तो घरदार आणि कर्ते पुत्र असलेला पुरुष होता. खेड्यातल्या विधवेला किंवा भूमिहीन मजुराला त्यात जागा नव्हती.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढील भारतीयांची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती. त्यांच्याकडे पाहण्याची सरकारी दृष्टी १९९९ चे राष्ट्रीय धोरण आणि २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा यांतून दिसते. कायदा आवश्यकच होता. पण त्यातला वृद्ध हा प्रामुख्याने मागणारा आहे, मुलांकडे किंवा सरकारकडे. आणि सरकार तरी काय देते? दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयाच्या व्यक्तीच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. ८० नंतर ५००. २०० चा हा आकडा दीड दशकाहून अधिक काळ हललेला नाही. तेव्हा ‘सक्रिय वार्धक्य’ हा परिसंवादांतला लाडका शब्द जपून वापरायला हवा. पंचाहत्तरीत डोक्यावर विटा वाहणारी बाई सक्रिय नाही, नाइलाजाने राबते आहे. आधी पोटाची निश्चिंती, मग सहभागाच्या गोष्टी. हा क्रम उलटा करून काटकसरीला तत्त्वज्ञानाचा मुलामा देण्याचा मोह सरकारांना होतोच.

तरीही निश्चिंतीपाशी थांबता येत नाही. केरळमधील आलप्पुळा जिल्ह्यातील कार्त्यायनी अम्मा आयुष्यात कधी शाळेत गेल्या नव्हत्या. मंदिरांत झाडलोट करून त्यांनी संसार चालवला. २०१८ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी राज्याच्या साक्षरता परीक्षेत त्यांनी १०० पैकी ९८ गुण मिळवले. २०२० मध्ये त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये त्या वारल्या. वृत्तपत्रांनी ही बातमी नवल म्हणून छापली. माझ्या लेखी नवल वृद्धेचे नाही, यंत्रणेचे आहे: शंभरीकडे झुकलेल्या बाईचे नाव पटावर घेण्यास योग्य मानणारी साक्षरता मोहीम त्या राज्यात होती. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिचेही कौतुक पुष्कळ झाले, अनुकरण फारसे नाही.

केरळच्याच उपशामक सेवेचा अनुभव मला याहून मोलाचा वाटतो. १९९३ मध्ये कोळिकोडला सुरू झालेले हे काम पुढे वस्तीपातळीवरील स्वयंसेवकांच्या जाळ्यात रूपांतरित झाले आणि २००८ मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याकडे ठरल्या दिवशी जाणे, त्याच्याशी बोलणे, परिचारिकेला निरोप पोचवणे ही कामे निवृत्त शिक्षक किंवा पोस्टमन उत्तम करू शकतो. यात परोपकार आहे, तसा स्वार्थही आहे. मंगळवारी कुणीतरी आपली वाट पाहते आहे, हे ठाऊक असणारा माणूस सोमवारी रात्री निराळ्या मनाने झोपतो.

म्हणून वृद्धांसाठीच्या केंद्रीय योजनांत वृद्धाश्रमांच्या अनुदानाशेजारी आणखी एक शीर्ष असावे: अंगणवाडी, ग्रंथालय आणि आरोग्य उपकेंद्रांत आठवड्यातून काही तास काम करणाऱ्या ज्येष्ठांसाठी मानधन, प्रवासखर्च आणि प्रशिक्षण. मानधन निवृत्तिवेतनातून वजा होता कामा नये. आणि नोंदणी केवळ पोर्टलवर नको, ग्रामपंचायतीच्या वहीतही व्हावी. कारण ज्यांना या कामाची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती स्मार्टफोन नाही.