फीत कापली, पुढे काय?



सरकारी इस्पितळात कर्करोगाचे नवे मशीन आले की पुढारी येतात, फीत कापतात, पेपरात फोटो छापून येतो. आनंद आम्हालाही होतो. पण आम्ही पडलो जमाखर्च लिहिणारे. आमच्या मनात लगेच येते, या मशीनच्या घसाऱ्याची तरतूद कोणी केली आहे काय?

आपल्या वस्तीत ज्याला ‘शेक देणे’ किंवा ‘लाईट देणे’ म्हणतात, ते किरणोपचार काही ठिकाणी कोबाल्टच्या मशीनवर होतात. कोबाल्टची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. मशीन चालवा नाहीतर कुलूप लावून ठेवा, झीज थांबत नाही. मग ज्या बाईला पूर्वी दोन मिनिटे पुरत, तिला तेवढ्याच मात्रेसाठी चार मिनिटे लागतात. दिवसाचे तास तेवढेच, रांग मात्र वाढते. लिनॅक मशीनमध्ये कोबाल्ट नसतो. पण एखादा भाग बिघडला आणि देखभालीचा करार संपलेला असला, की तेही बंद.

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे बाहेरून शेक देतात. त्याला जोडून आतून देतात. हे सारे आठ आठवड्यांत पुरे व्हावे, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. मध्ये खंड पडला तर रोग पुन्हा जोर धरतो. धुणीभांडी करणारी आपली भगिनी खाडा करून, गाडीभाडे भरून येते आणि ‘मशीन बंद आहे’ ही पाटी वाचून परत जाते. त्या दिवसाची किंमत कोणत्या वहीत लिहायची?

भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन अतिसाराने आजारी असलेल्या भिक्खूला स्वतः आंघोळ घातली, ही कथा महावग्गात आहे. तथागत तेवढ्यावर थांबले नाहीत. आजाऱ्याची सेवा कोणी करायची, याचा नियमच त्यांनी संघाला घालून दिला. करुणेला व्यवस्थेची जोड लागते ती अशी.

ही व्यवस्था आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क आपल्याला 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने दिला आहे. अर्जाला 10 रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. विहारातल्या महिला मंडळाने एकत्र बसून अर्ज लिहावा. कोबाल्ट शेवटचा कधी बदलला? गेल्या वर्षी मशीन किती दिवस बंद होते? देखभालीचा करार कधीपर्यंत आहे? भौतिकतज्ज्ञ, तंत्रज्ञ आणि सीटी स्कॅनचा रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर यांची मंजूर पदे किती, भरलेली किती?

घरात कोणाचे उपचार चालू असतील तर एकही दिवस आपणहून चुकवू नका. मशीन बंद पडले तर डॉक्टरांना तिथेच विचारा, बुडालेला शेक कधी भरून देणार? जुन्या फिल्म आणि कागद तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत जपून ठेवा.

जयभीम!