आठ माणसांचा तंबू

तंबूच्या पिशवीवर ‘आठ माणसांसाठी’ असे छापलेले असते, तेव्हा ही माणसे कोण आणि ती झोपतात कशी, असा प्रश्न घेणाऱ्याला सहसा पडत नाही. आम्हालाही पडला नव्हता. २०१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहायला भंडारदऱ्याला जायचे ठरले. आई, आम्ही दोघे भाऊ, दोघी जावा आणि तीन मुले, म्हणजे बरोबर आठ. ‘सगळे एकाच छताखाली’ या कल्पनेनेच घरात उत्साह संचारला होता.

तंबू होता १३ फूट बाय ९ फूट. दर माणशी दोन फूट रुंदी धरली, की सहा जण ओळीने आणि उरलेले दोघे त्यांच्या पायथ्याशी आडवे. झाले आठ! पण आपल्या घरातली साधी एकेरी गादी तीन फूट रुंद असते. त्या मापाने ओळीत चारच मावतात. पायथ्याशी पिशव्या, चपला, पाण्याचे कॅन आले की संपला तंबू. कारखानदार खोटे बोलत नाही, तो फक्त कूस न बदलणारी माणसे मोजतो. तेव्हा पैसे मोजण्याआधी दिवाणखान्यात खडूने तंबूचे माप आखावे आणि घरच्यांना त्यात खरोखर झोपवून पाहावे. हसू येईल, पण पैसे वाचतील.

रात्री एकच्या सुमारास वळीव आला. उंच तंबू म्हणजे वाऱ्यापुढे धरलेले शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे आपण शाळेत शिकून विसरलेलो असतो. त्यात सह्याद्रीत वीतभर मातीखाली काळा कातळ. खुंट्या धड आत गेल्याच नव्हत्या. दोर मोठ्या दगडांना बांधायला हवे होते, ते सुचले नाही. फायबरग्लासची एक काठी उभी चिरली आणि ओले कापड बहात्तर वर्षांच्या आईच्या अंगावर आले. अंधारात दाराची चेन सापडेना. त्या दोन-तीन मिनिटांत मुलांनी फोडलेल्या किंकाळ्या मी अजून विसरलेलो नाही. उरलेली रात्र आठ जणांनी एका मोटारीत काढली.

माझे मत त्या रात्रीपासून पक्के झाले आहे. मोठ्या कुटुंबाने मोठा तंबू घेऊच नये. चौघांचे म्हणून विकले जाणारे तीन तंबू घ्यावेत, प्रत्येकात तिघांहून जास्त झोपू नये, आणि मध्ये एक मोठी ताडपत्री ताणावी. आपल्याला एकत्र असायचे असते ते जेवताना, गप्पा मारताना, भेंड्या लावताना. झोपताना नव्हे! मंगल कार्यालयाच्या हॉलमधली ती पथारी आठवून आपण हळवे होतो, पण त्या हॉलला भिंती असतात आणि पलीकडे स्वच्छतागृह. शिवाय दोघी जावांना कपडे बदलायला आडोसा लागतो, याचा विचार तंबू घेणाऱ्या पुरुषांना क्वचितच शिवतो.

आणखी एक सोय म्हणजे धरणाकाठी किंवा भातखाचरात मोठी सपाट जागा सहज मिळत नाही. लहान तंबूंना ती मिळते. एक तंबू पडला तर दुसऱ्यात आसरा असतो. उरलेल्या वर्षात शेजारचा कॉलेजकुमार एखादा मागून नेतो. बारा-पंधरा किलोचे अवजड धूड मात्र माळ्यावर पडून राहते.

एक तंबू मात्र उभे राहता येईल असा असावा, तो गुडघे दुखणाऱ्यांसाठी. काठ्या शक्यतो अॅल्युमिनियमच्या. त्या वाकतात, पण सहसा चिरत नाहीत. झरोके थंडीतही उघडे ठेवावेत, नाहीतर श्वासाची वाफ पहाटे छतावरून टपकते. शेगडी किंवा कोळसे तंबूत कदापि नेऊ नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. या बाबतीत ‘थोडाच वेळ’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये, मग तो घरातला वडीलधारा का असेना.

आता आमच्याकडे तीन तंबू आहेत. उंच तंबू आईचा, आणि तो कुठे लावायचा हेही तीच ठरवते. मागच्या खेपेला तिने तो पार टोकाला लावायला सांगितला. कारण विचारले, तर म्हणाली, “अरे, तुम्ही दोघे भाऊ किती घोरता ते त्या मोटारीत कळलं मला.”