हवेची बंदूक आणि शिकारीची हवा

शब्दांना स्वतःची लाज नसते. ती वापरणाऱ्याने बाळगावयाची असते. परंतु बाजारात माल खपविणाऱ्याला हे सांगावयास कोण जाणार? पामतेलात तळलेल्या चकलीच्या पुडक्यावर 'घरगुती' असे छापलेले असते आणि आपण ते हसून सोडून देतो. यंदा मात्र एका खोक्यावर असा एक शब्द मी वाचला की, तो हसण्यावारी नेणे मला जमेना. खोक्यात होती स्प्रिंगवर चालणारी नवी कोरी हवेची बंदूक, आणि वर ठळक अक्षरांत छापले होते : 'हंटिंग'. म्हणजे शिकारीसाठी!

बंदूक माझ्या भाच्याची. तो आमच्या कोलशेतातच, रस्त्यापलीकडच्या नव्या टॉवरमध्ये राहतो. बोनस हाती पडला आणि त्याने ती आणली. "मामा, एकदा हातात तर घेऊन बघा!" असा त्याचा आग्रह. मीही घेतली. एका ओळखीच्या गृहस्थांच्या रिकाम्या शेडमध्ये, रद्दीचे जाड गठ्ठे भिंतीशी रचून, आम्ही दुपारभर छर्रे उडविले. तेव्हा वाचकहो, ही टीका न पाहता केलेली नाही.

आणि खरे सांगावयाचे तर वस्तू देखणी आहे. वजन तीनेक किलो, दस्ता गुळगुळीत, नळीच्या आत छर्‍याला गिरकी देणारे आटे. नळी मधोमध मोडून खाली खेचावयाची. त्या खेचण्यात आतली दणकट स्प्रिंग दबते. उघड्या तोंडाशी शिशाचा इवलासा छर्रा बसवावयाचा, नळी मिटावयाची आणि घोडा ओढावयाचा. स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, त्याच्यापुढची हवा आवळली जाते आणि ती छर्‍याला हाकलून देते. दारू नाही, काडतूस नाही. सायकलच्या पंपाला राग आला तर तो जे करील, तेच हे यंत्र करते! पहिल्या काही बारांना आतले तेल जळून धूर निघाला, कडाका मोठा झाला आणि नेम कुठल्याकुठे गेला. नव्या स्प्रिंगचे असेच असते. शेकडो छर्रे उडाल्यावर ती शांत होते. शिवाय दट्ट्याचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी बसतो. त्यामुळे श्वास, खांदा आणि बोट ह्यांचा मेळ बसल्याशिवाय दहा मीटरवरचा कागदसुद्धा दाद देत नाही. संयम शिकवणारी इतकी उत्तम शाळा मी मास्तर असूनही क्वचित पाहिली आहे.

मग माझी तक्रार काय? तक्रार त्या एका शब्दाची आहे.

आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 20 ज्यूलच्या आतली, 4.5 मिलिमीटरच्या नळीची हवेची बंदूक परवान्याशिवाय घेता येते. झाले! परवाना लागत नाही म्हणजे सगळी मोकळीक, असा अर्थ लोक काढतात. अहो, सुरी विकत घ्यावयास परवाना लागत नाही. म्हणून ती कोणाच्याही पोटात खुपसावयाची काय? बंदूक बाळगण्याचा कायदा वेगळा आणि ती रोखण्याचा वेगळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या मुद्दाम वाचून पाहा. मारणे तर आलेच. पण विष घालणे, पकडणे, सापळा लावणे, जखमी करणे, पक्ष्याचे घरटे वा अंडी मोडणे, इतकेच नव्हे तर ह्यांपैकी काही करण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच! पोपट, बगळा, खंड्या, बुलबुल, साळुंकी ही आपल्या खिडकीतून दिसणारी मंडळी ह्या कायद्याच्या पंखाखाली आहेत. 2022 च्या दुरुस्तीने साध्या गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा 25 हजारांवरून 1 लाखावर नेली. तीन वर्षांपर्यंतची कैद आहेच. म्हणजे हा शब्द गिऱ्हाइकाला जे कर म्हणतो, ते त्याने केले तर त्याची रवानगी कोठडीत व्हावयाची!

हा शब्द आला कोठून? परदेशातून. इंग्लंडात सोळा ज्यूलच्या आसपासची हवेची बंदूक बिनपरवाना चालते आणि पिकाची नासाडी करणारे ससे व कबुतरे तिने मारण्याचा तिथे रिवाज आहे. तिथला कायदा तिथे. आपण यंत्राबरोबर त्याची जाहिरातही उचलली, इतकेच. आपल्या कोकणातला शेतकरी रानडुकरांनी गांजला आहे, हे मला मान्य आहे. पण त्याच्यासाठी शासनाच्या परवानगीची वाट आहे. शिवाय अर्ध्या ग्रॅमच्या छर्‍याने रानडुक्कर मरत नाही, ते फक्त खवळते.

आता तोच छर्रा पाखराला लागतो तेव्हा काय होते, ते पाहू. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. पण हे गणित मॅट्रिकचेच आहे. अर्ध्या ग्रॅमला 20 ज्यूल ऊर्जा दिली, तर तो नळीतून सेकंदाला सुमारे 280 मीटर, म्हणजे ताशी हजार किलोमीटरच्या वेगाने सुटतो. चिमणीचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम. साठ किलोच्या माणसावर त्याच प्रमाणात किलोभराचा गोळा यावा, तसा हा मामला! आणि नेम चुकला, पंख तेवढा मोडला, तर? आमच्या खाडीकाठच्या खारफुटीच्या चिखलात पडलेला बगळा शोधावयास कोणता शिकारी कमरेइतक्या गाळात उतरणार आहे? तो तिथेच तडफडत राहतो. उडून गेलाच, तर अंगात शिसे घेऊन जातो. ह्याला शिकार म्हणावयाचे असेल, तर खाटकाला शल्यविशारद म्हणा!

इथे काही विद्वान हटकून एक दाखला देतात : "डॉ. सलीम अलींच्याही हातात लहानपणी छर्‍याची बंदूकच होती ना?" होती. त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ती कोणती, हे विचारावयास तो मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथे मिलार्डसाहेबांनी त्याच्यापुढे पक्ष्यांच्या संग्रहाची कपाटे उघडली. पुढे 1985 साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याला नावही त्या चिमणीच्या पडण्याचेच दिले. पण विचार करा, त्या काळी छर्‍याच्या बंदुका इतरही पुष्कळ मुलांच्या हाती होत्या. ती सारी काही सलीम अली झाली नाहीत. सलीम अलींना घडविले ते त्या प्रश्नाने आणि दार उघडणाऱ्या त्या गृहस्थाने. आज तो प्रश्न विचारावयास चिमणी पाडावी लागत नाही. एक बरी दुर्बीण पुरते.

आणि जिथे शिकार हा खरोखरच पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज, त्या अरुणाचल प्रदेशाने काय केले? मार्च 2021 मध्ये तिथे हवेच्या बंदुका शासनाच्या स्वाधीन करण्याची मोहीम निघाली. रानातली पाखरे गप्प झाली, हे लोकांनाच जाणवले होते. त्यांनी आपण होऊन शेकड्यांनी बंदुका आणून दिल्या. ज्यांची ती परंपरा, ते खाली ठेवीत आहेत. आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी उंदीर मारला तो सापळ्यानेच, ते आम्ही बाल्कनीतून शिकारी बनणार!

बंदुकीला मानाचे घर नाही असे थोडेच आहे? ह्याच हवेच्या रायफलीच्या प्रकारात अंजली भागवत 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकात अंतिम फेरीपर्यंत गेल्या. अभिनव बिंद्रांनी 2008 साली बीजिंगला सुवर्णपदक घेतले. त्यांच्या बंदुका अधिक नाजूक जातीच्या, हे खरे. पण विद्या तीच. दहा मीटरवरच्या त्या कागदावर दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्धा मिलिमीटर! ज्याला पुरुषार्थ दाखवावयाचा आहे, त्याने तो ठिपका गाठून दाखवावा. बगळा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि बिचारा स्थिर उभा राहतो.

तेव्हा कारखानदारांना माझे सांगणे रोखठोक आहे : हा शब्द खोक्यावरून खोडा. 'नेमबाजीसाठी' असे मराठीत छापा, आणि पाखरावर रोखाल तर तुरुंगात जाल, हेही तितक्याच ठळक अक्षरांत छापा. दुकानदारांनी छर्‍याच्या डबीबरोबर नेमाचे शंभर कागद द्यावेत. आणि आईबापहो, ह्या दिवाळीत मुलगा बंदुकीसाठी हटून बसला, तर आधी त्याला नेमबाजीच्या एखाद्या क्लबात घेऊन जा; तिथला गुरू पहिल्या दिवशी छर्रा हाती देत नाही, नळी कुठे रोखावयाची नाही ते शिकवतो. तेवढे शिकून तो घरी आला की मग खुशाल घ्या बंदूक. भाच्याला मी हेच सांगितले आहे. त्याने खोक्यावरच्या त्या शब्दावर चिकटपट्टी लावली. कारखानदार केव्हा लावतात, ते पाहावयाचे.