तबकडीची दुसरी बाजू

ध्वनिमुद्रिकेला बाजू दोन असतात. पण कंपनीच्या हिशेबी दोहींचा मान सारखा नसतो. जे गाणे खपेल असा व्यापाऱ्याचा अंदाज, ते पुढल्या बाजूस. मागली बाजू मोकळी सोडता येत नाही, म्हणून तेथे दुसरे काही तरी. हा अंदाज किती फसू शकतो, याचा नमुना अमेरिकेतील एका तबकडीच्या इतिहासात सापडतो.

‘वाइल्ड चेरी’ हा ओहायो राज्यातील गोऱ्या वादकांचा रॉक-संच. नाचगृहातील श्रोते त्यांच्याकडे फंकची, म्हणजे कृष्णवर्णीय कलावंतांनी रूढ केलेल्या ठसठशीत लयीच्या संगीताची मागणी करू लागले. त्या मागणीवरच संचाचे प्रमुख रॉब परिसी यांनी ‘प्ले दॅट फंकी म्युझिक’ रचले. पण योजले ते मागल्या बाजूसाठी! पुढे ‘कमोडोर्स’ या संचाचे १९७४ मधील एक गीत घालावयाचे होते. प्रकाशकांनी ऐकून बाजू बदलली. १९७६ मध्ये ‘एपिक’तर्फे तबकडी निघाली आणि १८ सप्टेंबरच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिली आली. कृष्णवर्णीय संगीताच्या स्वतंत्र यादीतही तिने तोच मान मिळविला.

दैवाची गंमत अशी की, १९९० मध्ये व्हॅनिला आइस या गायकाने याच गीतावर बेतलेले गाणे आपल्या तबकडीच्या पुढे घातले, आणि मागे ‘आइस आइस बेबी’. आकाशवाणीच्या निवेदकाने तबकडी उलटून वाजविली. ते मागले गाणेच त्या वर्षी अग्रस्थानी पोचले. पुढल्या गाण्यावर मूळ रचनाकार परिसी यांचे नाव मात्र नव्हते. हक्कासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि भरपाई मिळाली.

यावरून दोन गोष्टी ध्यानी याव्यात. पुढली-मागली ही व्यापाऱ्याची सोय आहे, गुणाचा निवाडा नव्हे. आणि तबकडीवरील नावांचा तो छोटा कागद शोभेचा नसून कलावंताच्या श्रमाचा दाखला आहे.

बडोद्यातील जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आजही पडून आहेत. त्यांवर बहुधा गवयाचे नाव असते. सारंगिया व तबलजी अनामिक राहतात. दरबारी वादकाच्या घरात वाढल्यामुळे आम्हांस ही उणीव अधिकच बोचते. परिसींना निदान न्यायालय होते. या साथीदारांना घरच्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणाखेरीज दुसरा साक्षीदार नाही, आणि तो साक्षीदारही दर वर्षी विरळ होत आहे.

तेव्हा तबकड्या रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी दोन्ही बाजू ऐकाव्या, कागदावरील मजकूर व क्रमांक उतरून घ्यावे, आणि साथ कोणाची हे कोणास ठाऊक असल्यास तेही त्यापुढे लिहून ठेवावे. एवढ्यास फार तर एक दुपार पुरेल. एकदा गेलेले नाव मात्र कितीही दुपारी खर्चून परत मिळत नाही.