जुनी गाडी आणि रिकामा डावा पाय

मोटार घेतल्याचं एकदा चारचौघांत कळलं, की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘केवढ्याला पडली?’ दुसरा, ‘किती देते?’ आणि तिसरा, जरासा आवाज खाली आणून, ‘नवी की जुनी?’ गेल्या चार महिन्यांत या प्रश्नांची उत्तरं मी इतक्यांदा दिली आहेत, की धड्याखालच्या स्वाध्यायासारखी ती मला पाठ झाली आहेत. तेव्हा म्हटलं, दिवाळी अंकात या सदरासाठी हाच विषय घ्यावा. यापुढे कुणी विचारलं तर अंकच हातात ठेवता येईल!

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, सव्वासहा लाखांना. तिसऱ्याचं उत्तर, जुनी. २०१७ सालची, पेट्रोलवर चालणारी, मागे ऐसपैस डिकी असलेली होंडा सिटी. आमच्या दारी आली तेव्हा ती ५२,००० किलोमीटर हिंडून आली होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं नाही. त्याकडे सावकाश येते.

या तिन्हींखेरीज एक चौथा प्रश्न असतो आणि तो बहुतकरून पुरुषवर्गाकडून येतो : ‘पण ऑटोमॅटिक कशाला घेतलीत?’ या प्रश्नात विचारणं कमी आणि हळहळणं जास्त असतं. क्लच दाबल्यावाचून गाडी हाकणं म्हणजे पुरणपोळी काट्याचमच्यानं खाणं, असा काहींचा ठाम समज आहे. ‘ती बायकांची गाडी,’ असंही एका सद्गृहस्थांनी मला माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच हातचा चहा पीत सांगितलं. त्यांना मी एवढंच म्हटलं, ‘बरोबर आहे. ती माझीच आहे.’

खरं कारण अगदी साधं आहे. माझा डावा गुडघा.

वीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून मराठी शिकवलं, की भाषेचं काय होतं ते परीक्षक जाणोत; गुडघ्याचं काय होतं ते डॉक्टरांनी मला फोटो काढून दाखवलं. आम्ही राहतो नेरूळला. माझी आई नवीन पनवेलला एकटी असते. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. स्वत:चं घर, दारची तुळस आणि शेजारच्या बायकांची भिशी सोडून लेकीकडे यायला तयार नाही. मध्ये अंतर जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरांचं. पण उरण फाटा, बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली, अशी एकेक गर्दी ओलांडत जायचं, म्हणजे आमच्या जुन्या छोट्या गाडीत डाव्या पायाला उसंत नसे. एका संध्याकाळी मी मोजलं. एका फेरीत क्लच एकशे चाळीस वेळा दाबला गेला. घरी आल्यावर गुडघ्यावर बर्फाची पिशवी! लोकलनं जावं तर स्टेशनाचे जिने. आठवड्यात तीनदा होणारी फेरी हळूहळू रविवारवर आली, कारण रविवारी आमच्या यजमानांना सवड असते. आणि आईचा फोनवरचा प्रश्न बदलला. पूर्वी ती विचारी, ‘येतेस का गं?’ आता ती विचारू लागली, ‘ते आणतील का तुला?’

वाचकहो, एवढ्याशा फरकानं माणूस किती म्हातारं होतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. माझं वय सेहेचाळीस. आईपेक्षा आधी मीच म्हातारी झाले की काय, असं वाटायला लागलं होतं.

गुडघा सांगत होता, क्लच नसलेली गाडी घे. नवी ऑटोमॅटिक सिटी या पैशांच्या दुपटीहून अधिक पडली असती, आणि मुलाच्या इंजिनिअरिंगची फी पुढल्या वर्षी ‘आ’ वासून उभी. तेव्हा जुनी. यात लाज कसली? एक काळ असा होता, की कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, आणि लगेच मिळणाऱ्या वापरलेल्या गाडीला कित्येकदा नव्याहून चढा भाव येई. तीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानं थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर धावली. आणि माझ्या विषयाच्या बाजूनं सांगायचं तर, आपण दिमाखात बोटावर फिरवतो ती ‘चावी’ पोर्तुगिजांची, आणि तिच्यासाठी साठवतो तो ‘पगार’ही त्यांचाच! वापरलेल्या शब्दांवर ज्यांचं सुखानं चालतं, त्यांना वापरलेल्या गाडीचं वावडं असायचं कारण नाही.

मात्र वापरलेली वस्तू डोळे मिटून घ्यायची नसते. आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, त्यांना मी बरोबर नेलं. त्यांनी गाडीच्या रंगाचं कौतुक न करता आधी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. मला कळेना. ते म्हणाले, ‘बाई, गाडी पाण्यात बुडाली असेल, तर धुणारा सगळं धुतो, पण आत गुंडाळलेला हा पट्टा विसरतो. चिखलाची रेघ इथं सापडते.’ २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईत जुनी गाडी घेणारा शहाणा माणूस आधी गालिचा हुंगतो, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज पाहतो. मग टायर. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. ३२२१ असेल, तर तो २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला असं समजावं. गाडीवरचा किलोमीटरचा आकडा सर्व्हिसिंगच्या प्रत्येक पावतीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. तो वाढत वाढत आलेला असला पाहिजे, मधेच लहान झालेला नव्हे! आणि ऑटोमॅटिक असेल, तर गिअरबॉक्सचं तेल वेळच्या वेळी बदललं आहे का, हे सर्वांत आधी विचारावं. तिथं हेळसांड झाली असेल, तर दुरुस्तीचा खर्च घेणाऱ्याच्या घशाशी येतो.

कागदपत्रांचंही तसंच. गाडी विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आर. टी. ओ. ला कळवायचं, असा कायदा आहे. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म असतात. पुष्कळ लोक ‘नंतर पाहू’ म्हणतात. पण आर. सी. बुकावर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या डोळ्यांत मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिला आहे. तेव्हा विकणाऱ्यानं तर हे फॉर्म अगदी सत्यनारायणाच्या पोथीइतक्या भक्तिभावानं भरावेत. इन्शुरन्सही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा.

आता गाडी चालते कशी, ते सांगते. हिच्यात पायाशी दोनच पट्ट्या, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर. दोन्ही उजव्या पायाचं काम. डाव्या पायानं मागे सरकून स्वस्थ बसायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण आयुष्यभर राबलेल्याला स्वस्थ बसायला सांगून पाहा! पहिल्या दिवशी आमचे यजमान हौसेनं वाशीच्या मार्केटातून गाडी घेऊन निघाले. सवयीनं त्यांचा डावा पाय क्लच शोधायला पुढे झाला आणि त्याला सापडला तो रुंदसा ब्रेक. गाडी जागच्या जागी थबकली आणि मागच्या सीटवरची दोन किलो लिंबं गडगडत गिअरपाशी आली. तेव्हापासून ते गाडीत डावा पाय सीटखाली असा काही दडवून बसतात, की जणू तो कुणी मागायला येणार आहे.

गिअरच्या दांड्यापाशी अक्षरं असतात : पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी आणि डी म्हणजे चला. डी मध्ये ब्रेकवरचा पाय उचलला, की गाडी आपली आपण हळूहळू सरकू लागते. उरण फाट्याच्या गर्दीत हे वरदान आहे आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये धोका. म्हणून उतरण्यापूर्वी हँडब्रेक आणि पी, हा नियम देवाला नमस्कार करण्याइतका अंगी बाणवावा. उड्डाणपुलाच्या चढावर मागच्या ट्रकवर घसरण्याची जुनी भीती पुष्कळशी गेली आहे. एक खोड मात्र आहे. पुढच्याला ओलांडायचं म्हणून अॅक्सिलरेटर जोरात दाबला, तर आधी इंजिन मोठ्यानं ओरडतं आणि गाडी मागाहून वेग घेते. थोडक्यात, आधी भाषण आणि मग काम! हलक्या पायानं दाबलं, तर मात्र ती लोण्यातून सुरी जावी तशी जाते. घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवू नये, गिअर खालचा घ्यावा, असंही मेकॅनिकनी बजावलं आहे.

या गाडीला आपण सहज ‘आपोआप गिअर पडणारी’ म्हणतो. मराठी शिकवणाऱ्या बाईला हा ‘आपोआप’ शब्द जरा खटकतो. घरात सकाळी सहाला चहा आपोआप होतो, कपाटात घड्या आपोआप येतात, दिवाळीत डबे आपोआप भरतात, असं मानणारी माणसं प्रत्येक कुटुंबात असतात. आपोआप म्हणजे जे कोण करतं ते आपल्याला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गाडीचंही तेच. आमच्या गाडीच्या पोटात दोन कप्प्या आहेत आणि त्यांवरून गिरणीसारखा एक पट्टा फिरतो, पोलादाचा. कप्पीच्या दोन्ही बाजू जवळ आल्या, की पट्टा वर चढतो. दूर गेल्या, की खाली उतरतो. एक चढते तेव्हा दुसरी उतरते आणि वेगाचं प्रमाण बदलतं. पायऱ्या नाहीतच, नुसता उतार. हॉलंडच्या डाफ कंपनीनं १९५८ साली अशी पट्ट्यावरची छोटी गाडी लोकांपुढे आणली, तेव्हा पट्टा रबरी होता. त्याआधी, १९४० च्या मॉडेलात, अमेरिकेच्या ओल्डस्मोबिलनं वेगळ्या पद्धतीची पूर्ण स्वयंचलित गाडी विकायला काढली होती. म्हणजे डाव्या पायाला सुट्टी द्यावी, हा विचार काही आजचा नव्हे.

आणि आतला हा पट्टा आठ वर्षांनंतरही गुमान फिरतो आहे, तोही आपोआप नव्हे. गाडीचे आधीचे मालक वाशीचे एक निवृत्त गृहस्थ. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. चावी देताना त्यांनी बरोबर एक वही दिली. निळ्या पुठ्ठ्याची, शाळकरी. पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक तेल, प्रत्येक टायर तीत तारखेनिशी लिहिलेलं. अक्षर आधी कोरल्यासारखं. शेवटच्या वर्षात ओळी तिरक्या होत गेलेल्या. ‘हे बघा बाई,’ ते म्हणाले, ‘गाडी तुमची झाली. वही मोडू नका, एवढंच.’ सव्वासहा लाखांत मी नेमकं काय विकत घेतलं, ते मला त्या वहीनं सांगितलं. जुनी गाडी घेताना आपण खरं म्हणजे दुसऱ्या माणसाची निगा विकत घेत असतो. ती असेल तर गाडी स्वस्त, नसेल तर फुकटही महाग.

आता मी मंगळवारी आणि शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर तडक पनवेलला जाते. श्रावणातल्या एका रात्री अकराला शेजारणीचा फोन आला, की आईंना चक्कर आली आहे. यजमान नागपूरला होते. पाऊस धो धो कोसळत होता. मी चावी घेतली आणि निघाले. पाऊण तासात आई दवाखान्यात होती, दुसऱ्या दिवशी घरी. गुडघ्याचा मला त्या रात्री विसरच पडला होता. त्यानंतर पुढल्या मंगळवारी तिचा फोन आला तो, ‘येतेस का गं? अळूवड्या केल्यात,’ असा. वाक्यात ‘ते’ नव्हते.

राहता राहिला दुसरा प्रश्न, किती देते? वहीत आठ वर्षांचा हिशेब आहे. शहरात अकरा-बारा, पुण्याच्या रस्त्याला पंधरा-सोळा. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा आकडा थोडा खाली येणारच. त्या तिरक्या ओळींखाली आता माझ्या ओळी सुरू झाल्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या गृहस्थांचा फोन येतो आणि तेही तोच प्रश्न विचारतात. त्यांच्यापुढे मात्र मी वही उघडून अचूक आकडा वाचते. परवा सांगितलं, ‘अकराला थोडी कमी.’

क्षणभर थांबून ते म्हणाले, ‘बरी आहे. पण चाकांतली हवा एकदा बघून घ्या.’

बघितली. कमीच होती.