एका 'टू'साठी

इंग्रजांनी हा देश १९४७ साली सोडला, असं इतिहासाच्या पुस्तकात आहे. माझा त्यावर विश्वास नाही. जाताना ते आपली शब्दयोगी अव्ययं इथंच ठेवून गेले. त्यातला 'टू' हा तर साक्षात व्हाइसरॉय!

त्याचं असं झालं. औरंगपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करून दोन मुलांना शिकवणाऱ्या एक बाई राहतात. एका संध्याकाळी त्या कोरा कागद घेऊन वर आल्या.

"काका, पोराच्या शाळेत अर्ज द्यायचाय. फी हप्त्यानं भरू द्या म्हणून. इंग्रजीतच पाहिजे म्हणतात. तेवढा लिहून द्या की."

मी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून वाढलेला माणूस. ऐटीत चष्मा चढवला आणि लिहिलं, 'आय रिक्वेस्ट टू यू'.

"आजोबा, 'टू' चुकलाय," नात मागून म्हणाली.

कार्टी बरोबर होती. आपल्याकडे 'विनंती' हे नाम. ती कुणाला तरी करायची, म्हणून 'ला' हवा. इंग्रजीत मात्र 'रिक्वेस्ट' हे क्रियापदही आहे आणि ते माणसाला थेट जाऊन भिडतं, 'आय रिक्वेस्ट यू'. नाम म्हणून वापरलं तर 'माय रिक्वेस्ट टू यू' चालतं. म्हणजे आमचा गरीब 'ला' कोट घालून साहेबाच्या बंगल्यात शिरला आणि दारातच पकडला गेला!

शहाणा होऊन पुढचं वाक्य बिन'टू'चं लिहिलं, 'प्लीज एक्सप्लेन मी द रूल्स'.

"आजोबा, इथं 'टू' लागतो!"

'टेल'ला नको, 'एक्सप्लेन'ला हवा. 'आस्क'ला नको, 'से'ला हवा. बरं, त्यांच्या घरात तरी एकमत आहे का? मला पत्र लिहा म्हणायचं तर इंग्लंडात 'राइट टू मी' म्हणतात, अमेरिकेत 'राइट मी' खुशाल चालतं. अख्ख्या अमेरिकेनं खिडकीबाहेर फेकलेल्या 'टू'साठी इकडे औरंगपुऱ्यात माझं रक्त आटत होतं.

दोन दिवस मी तो अर्ज खोडत होतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून व्याकरणाचं नवं पुस्तकही आणलं. "अहो, तो अर्ज आहे की ग्रंथ?" असं आमच्या सौ.नं विचारूनही झालं. तिसऱ्या दिवशी निर्दोष अर्ज घेऊन मी खाली गेलो. मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

बाई काही बोलल्या नाहीत. मशीन चालवत राहिल्या. मला मात्र जिना चढवेना.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच शाळेत गेल्या. त्यांनी मराठीत सांगितलं, मोठ्या बाईंनी मराठीत ऐकलं आणि हप्ते मिळाले. उशिराचा दंड तेवढा इंग्रजीत लिहून आला. तो मी देऊ लागलो, तर त्या घेईनात.

आता मला सांगा, अर्ज देणारी मराठी, घेणारी मराठी, अडचण मराठी. मग मध्ये हा 'टू' कशाला? आमचे वडील निजामाच्या राज्यात अर्ज उर्दूत लिहीत, कारण दरबारचीच भाषा ती. 'अर्ज' हा शब्दही मुळात अरबी. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६४ साली मराठीला राजभाषा करणारा कायदा आला. एवढं सगळं होऊन फी हप्त्यानं घ्या हे सांगायला बाईंना माझ्यासारखा दुभाषा लागावा?

इंग्रजी शिकू नये असं मी म्हणत नाही. शिकावी, आणि नातीसारखी चांगली शिकावी. 'टू'ला गुण द्यायचे ते पोरांच्या पेपरात खुशाल द्या. पण हातावर पोट असलेल्या बाईच्या अडचणीला व्याकरणाच्या परीक्षेला बसवू नका. शाळा असो, बँक असो, अर्ज मराठीत आला तर मराठीत वाचा. साहेबाला राग यायचा नाही, तो केव्हाच घरी गेलाय.

परवा सहज खाली गेलो, तर माझा तो निर्दोष अर्ज मशीनवर दिसला. त्याच्या पाठीवर बाईंनी ब्लाउजची मापं लिहून ठेवली होती.