दिवाळीचा आमरस आणि फ्रीजरचा भरवसा

मे संपत आला की सातारा-सांगलीच्या बाजारात हापूसचा भाव उतरतो आणि घरोघरी फ्रीजरमध्ये रसाचे डबे चढतात. दिवाळीच्या पाहुण्यांपुढे पुरीबरोबर आमरस वाढण्याची हौस कुणाला नसते?

पण डबा काठोकाठ भरतात, तिथेच चुकतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, झाकण उचकटतं. शिवाय मोठा गोळा सावकाश गोठतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि वितळल्यावर रस पाणचट लागतो. त्यापेक्षा एका जेवणापुरता रस झिपच्या पिशवीत भरावा, हवा काढावी आणि पिशवी आडवी, पातळ पसरून उणे १८ अंशांवर ठेवावी. जूनमधल्या जांभळाचा गरही असाच राहतो. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, नुसते थबकतात. एकदा वितळलेला रस पुन्हा गोठवू नये.

साठवण सांगलीकरांना कुणी शिकवायला नको. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुरात त्यांतली बरीच पेवं निकामी झाली. फ्रीजर तर त्याहून नाजूक. वीज गेल्यावर दार उघडलं नाही, तर भरलेल्या फ्रीजरमधला माल साधारण ४८ तास गोठलेला राहतो, अर्धवट भरलेल्यातला २४. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीचे कित्येक भाग त्याहून जास्त काळ अंधारात होते.

म्हणून सगळी मदार फ्रीजरवर नको. थोडा रस साखर घालून आटवा, थोडा तुपाचा हात लावलेल्या ताटात पसरून उन्हात आंबापोळी घाला. यंदाच्या पेटीतले निम्मे आंबे तरी त्यासाठी राखून ठेवा.